‘बिटलॉकर आहे ना, मग काय भीती?’

अमेरिकेत उतरताना सीमाशुल्क अधिकारी लॅपटॉप तपासू शकतात. म्हणून तिकडे ऑनसाइट, म्हणजे क्लायंटच्या ठिकाणी कामाला निघालेल्यांमध्ये एक सल्ला फिरत असतो: लॅपटॉपला बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावा, झाकण मिटा, क्लायंटच्या फाइली डिलीट करा, बाकी सगळं क्लाउडवर आहेच, पासवर्ड मागितला तर सरळ नाही म्हणा.

आधी झाकण. ते मिटलं की विंडोज झोपतं, बंद होत नाही, आणि डिस्क उघडणारी किल्ली रॅममध्येच राहते. म्हणून विमानातून उतरण्याआधीच पूर्ण शटडाउन करा. तेवढ्यानेही भागत नाही. पुष्कळ मशीनवर बिटलॉकर फक्त किल्ली जपणाऱ्या टीपीएम चिपच्या भरवशावर असतं: बटण दाबलं की चिप आपणहून किल्ली सोडते आणि थेट लॉगिनचं चित्र येतं. तुमच्याकडे असंच होत असेल, तर आड उरतो तो फक्त विंडोजचा पासवर्ड. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या प्रगत सेटिंग्जमध्ये) ‘रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप’ चालू करून बिटलॉकरला स्टार्टअप पिन लावला, की विंडोज सुरू होण्याआधीच निळी स्क्रीन तो मागते. कंपनीच्या मशीनवर हे काम आयटीवाल्यांचं; विंडोज होममध्ये ही सोयच नाही. आणि पिन विसरल्यास डिस्क उघडणाऱ्या 48 अंकी रिकव्हरी कीचा कागद कृपा करून लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.

डिलीट केलेली फाइल एसएसडीवर ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा मोकळी करणाऱ्या सोयीमुळे) परत मिळणं अवघड, हे खरं. प्रश्न तिच्या प्रतींचा असतो. मेलला जोडलेली तीच फाइल आउटलुकच्या ओएसटीत (मेलबॉक्सच्या मशीनवरच्या प्रतीत) असते, एक डाउनलोड्समध्ये, एखादी टेम्प फोल्डरमध्ये. मूळ फाइल उडवली तरी ‘रीसेंट’च्या यादीत नाव राहू शकतं.

क्लाउडचं म्हणणं अर्धं बरोबर. अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या जानेवारी 2018 च्या निर्देशानुसार अधिकाऱ्याने नेटवर्क तोडून फक्त मशीनवरचंच पाहायचं असतं. पण सिंक झालेली फाइल मशीनवरचीच. वनड्राइव्हमध्ये निळा ढग दिसला तर ती वर आहे, हिरवी खूण दिसली तर खाली उतरलेली आहे. आणि ढगवाल्या फाइलीचंही नाव दिसतंच. क्लायंटचं नाव त्यात असेल तर निम्मी गोष्ट तिथेच कळली.

‘नाही म्हणा’ हा सर्वांत महागात पडणारा भाग. नुसतं हाताने चाळायला अधिकाऱ्याला संशयाचं कारण लागत नाही. बाहेरचं उपकरण जोडून तपासायचं असेल तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण, आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. नकार दिल्यास अमेरिकी नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, पण लॅपटॉप अडकतो, साधारणपणे 5 दिवसांपर्यंत, आणि ही मुदत वाढवता येते. एच-वन किंवा बी-वन व्हिसावाल्याला मात्र परत पाठवता येतं. न्यूझीलंडमध्ये 2018 च्या कायद्याने पासवर्ड न देण्याला 5,000 न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड आहे. खोटं बोलणं तर कुठेच परवडत नाही.

खरोखर चालतं ते हे: आयटीकडून कोरी इमेज (नव्याने बसवलेलं विंडोज) टाकलेलं वेगळं मशीन न्या, जुनी प्रोफाइल नको, मेल सिंक नको. क्लायंटच्या सर्व्हरचं खातं बंद ठेवायला सांगा आणि हॉटेलवर पोहोचल्याचा फोन केल्यावरच सुरू करून घ्या. म्हणजे विचारलं तरी ‘माझ्याकडे काही नाही’ हे उत्तर खरंच असतं.

लॅपटॉप तुमच्या नजरेआड नेऊन परत दिला, तर तो नेटला जोडू नका. बंदच ठेवून आयटीकडे द्या आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.