कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज सकाळी एका मैत्रिणीने फोटो टाकला. मुलाने पहिल्या पगारातून ब्लूटूथचे इअरबड्स घेऊन दिले म्हणून. अभिनंदन, फुलं, जोडलेले हात, सगळं यथासांग चालू होतं. तेवढ्यात आमचे एक विद्वान वर्गमित्र उगवले. "छान. पण ॲम्पशिवाय गाणं ऐकणं म्हणजे केचपबरोबर पुरणपोळी." खाली त्यांच्या टेबलाचा फोटो. काळी पेटी (हाच तो ॲम्प, आवाजाला जोर देणारा), तिला निळा दिवा, शेजारी वाट्यांएवढे हेडफोन.

तिने लिहिलं, "हो का, मला नाही रे कळत त्यातलं." आणि गप्प बसली. त्या "नाही रे कळत"चा मला दिवसभर राग येतोय.

आता मी कुठल्या तोंडाने बोलतोय तेही सांगतो. ती पेटी माझ्याकडेही आहे. सहा वर्षांपूर्वी बोनस झाला, डोकं फिरलं, सेनहायजरचे एचडी ६५० घेतले. ३०० ओहमचे, म्हणजे ओहम जितके जास्त तितका वाजवायला जोर जास्त. फोनला लावले तर आवाज पूर्ण वर नेऊनही विलंबिताचा आलाप पलीकडच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा. मग ॲम्प आणला. बायकोला किंमत अर्धी सांगितली. (ती फेसबुकवर नाही.)

पहिल्याच रविवारी आईला ऐकवायचं ठरवलं. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती आणि वसंतराव चालू होते. फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवलेला, म्हणजे आवाज घुमतो. तिला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "अगंबाई, हे तर शेजारी बसून गातायत!" मी असा फुगलो म्हणता. लगेच तिने एक कान मोकळा केला. "कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या रे?"

आणि उठून गेली मटारांकडे.

विद्वान, आता तुझ्यासाठी. अरे बाबा, तिच्या त्या शेंगदाण्याएवढ्या बड्सच्या आतच ॲम्प असतो. डिजिटलचा आवाज करणारा डॅकही आतच. तुझी पेटी तिने आणली तरी जोडणार कुठे? वायरवाले इअरफोन बहुतेक १६ ते ३२ ओहमचे, त्यांना फोनची ताकद पुरून उरते. २०१६ला आयफोन ७मधून इअरफोन खोचायचा जॅक गेला, तेव्हा ते जोडायला सोबत जी बोटभर वायर आली तिच्यातसुद्धा हे दोन्ही आहे. १९७९चा वॉकमन दोन पेन्सिल सेलवर हेडफोन वाजवायचा. म्हणजे ॲम्प सगळेच वापरतात. वेगळी पेटी विकत घ्यायची वेळ येते ती २५०, ३००, ६०० ओहमचे स्टुडिओतले हेडफोन हौसेने घरी आणणाऱ्या तुझ्यामाझ्यासारख्यांवर. आधी दुखणं विकत घ्यायचं, मग औषध, आणि मग निरोग्यांना म्हणायचं तुम्ही औषध कसं घेत नाही!

आणि पेटी लावली की आवाज जरा चढतो, चढलेला आवाज कानाला गोडच लागतो. दोन्हीकडचा आवाज मोजून सारखा कर, डोळे बांध, मग सांग कुठला कुठला ते. मीही पैज हरेन बहुतेक.

हो, तानपुऱ्याची जवारी माझ्या त्या हेडफोनवर जशी ऐकू येते तशी पातेल्यात येत नाही. मान्य. पण त्यातलं श्रेय हेडफोनचं किती आणि पेटीचं किती, हे मला विचारू नका, पैसे दोन्हीचे गेलेत.

मुळात लोक गाणं ऐकतात कधी? मी डोंबिवलीहून लोकलने जाताना ऐकतो, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून. तिथे प्लग कुठे आणि पेटी ठेवायला मांडी कुणाची? आई मटार सोलताना ऐकायची. ग्रुपवरची ती मैत्रीण डबे भरताना ऐकणार, एक बड कानात, दुसरा ओट्यावर, कारण घरात सासरे झोपून आहेत आणि हाक आली तर कळली पाहिजे. या बाईला तू पुरणपोळी शिकवतोस? वन-बीएचकेमध्ये दोन्ही कान झाकून बसलेला माणूस म्हणजे कामं चुकवणारा माणूस, असा सरळ हिशेब असतो. आमच्याकडे तरी आहे. त्या पेटीला वीज लागते त्याहून जास्त रिकामा तास लागतो, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

जरा जास्तच चिडलोय. चहा घेऊन आलो.

खरं सांगू? त्याचा फोटो मघाशी परत मोठा करून पाहिला. मागे बंद दार आहे. एकच खुर्ची. त्याची दोन्ही मुलं बाहेर असतात. तो रोज रात्री दार लावून बसत असेल, आणि किशोरीताई ऐकत असेल तर चांगलंच आहे की. मला हेवाच वाटला थोडा. ग्रुपवर त्याला सतरा जणांनी टोमणे मारले, पण काय ऐकतोयस हे एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

आई हल्ली धाकट्याकडे असते, नाशिकला. पातेलं तिथेही आहे म्हणे.

एवढं लिहून झाल्यावर पेटीवरची बिलं आणि चार्जर बाजूला केले, दिवा लागतोय का बघितलं. लागला. म्हटलं एक आलाप ऐकू, पाच मिनिटं. ऐकला. अजूनही शेजारी बसूनच गातायत. डोळे उघडले तर समोर बायको, हातात भाजीच्या दोन पिशव्या. बेल तीनदा वाजवली म्हणे, शेवटी पर्स उपसून किल्ली काढावी लागली. जातो, मेथी निवडायचीय.