लिफ्ट बसते म्हणून पंप बदलू नका

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास नांगरटीची घाई सुटली, की एक मेसेज खान्देशभर फिरतो: ‘जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट आपोआप खाली बसते? पंप गेला समजा. पैसे नसतील तर घट्ट तेल टाका. तरी नाही थांबलं तर सीलचं किट टाका, काम फत्ते.’

आधी पंपाचं. तेल दाबून नांगर उचलणं एवढंच त्याचं काम. उचललेला नांगर वर धरतात लिफ्टच्या सिलिंडरमधल्या पिस्टनचं सील (तेल अडवणारी रिंग) आणि तेल परत जाऊ न देणारा वाल्व. इंजिन बंद केल्यावर पंप फिरतच नाही, मग पलटी नांगर हळूहळू जमिनीला टेकला यात त्याचा काय दोष? लिफ्ट वजन झटकन उचलते पण बंद केल्यावर बसते, तर पंप बदलू नका. उचलतानाच रडत असेल, तर मात्र आधी तेलाची पातळी, मग तेल गाळणारी जाळी आणि त्यानंतर पंप.

जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरात पंप आणि कंट्रोल वाल्व एकाच अंगात असतात, म्हणून मिस्त्रीही सरसकट ‘पंप’ म्हणतो. पण गळती नेमकी कुठे, हे डोळ्यांनी दिसतं. थोडं तेल काढून बाजूचं झाकण उघडा, लिफ्टवर वजन उचलून इंजिन बंद करा आणि आत टॉर्च मारा. सिलिंडरच्या तोंडातून तेल ठिबकलं तर पिस्टनचं सील, पंपातून सिलिंडरकडे तेल नेणाऱ्या उभ्या नळीच्या सांध्यातून आलं तर तिथली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग (हे सगळ्यात स्वस्त दुखणं), पंपाच्या अंगातून आलं तर त्यातला वाल्व. हात आत घालायचा नाही, नांगराजवळ पोरंसोरं नकोत.

घट्ट तेलाचा सल्ला सकाळी खरा वाटतो. गळती जराशी मंदावते आणि माणूस मेसेज पुढे पाठवतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. दुपारपर्यंत तेच तेल पातळ होतं आणि लिफ्ट पुन्हा बसते. डिसेंबरच्या पहाटे उलटं: घट्ट तेल पंपाला ओढवत नाही, तो किंचाळतो आणि खरंच झिजायला लागतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत हेच तेल गिअरला आणि तेलात बुडालेल्या ब्रेकलाही लागतं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाका. तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलंय का बघा. धुताना, पावसात तिथूनच पाणी उतरतं.

राहिलं किट. नवीन ओ-रिंग महिनाभरात कापली जाते तेव्हा दुकानदाराला शिव्या बसतात. पण तिच्यासोबतची चपटी बॅकअप रिंग (ओ-रिंगला आधार देणारी) दाबाच्या विरुद्ध बाजूला बसायला हवी. ती उलटी बसली की ओ-रिंग फटीत चिमटली जाते. त्याआधी सिलिंडर पुसून आतून नख फिरवून बघा. चरा नखाला अडकला, तर किटचे पैसे वाया. सिलिंडरच बदलावा लागेल.