तिच्या मुलाचे केस मागू नका

आज अनगोळात एका ओळखीच्या घरी बाराव्याला गेले होते. एकोणीस वर्षांचा पोरगा, हायवेला गाडी घसरून गेला. आई भिंतीला टेकून बसलेली. शेजारी एक पाहुणे मोबाईलवर कसलासा व्हिडिओ लावून तिला सांगत होते, "वैनी, त्याचे केस असतील तर जपून ठेवा. क्लोनिंग निघालंय आता, मुलगा परत मिळेल तुम्हाला." ती माउली उठली आणि आतून त्याचा कंगवा घेऊन आली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं.

अहो, कंगव्यातल्या केसांनी काही होत नाही. क्लोनिंग म्हणजे एका जिवाच्या पेशीचं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, मादीच्या बीजांडात घालून त्याच जनुकांचा दुसरा जीव जन्माला घालणं. त्याला शाबूत केंद्रक असलेली पेशी लागते. आणि माणसाचा क्लोन जन्मल्याचं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. २००२ मध्ये एका पंथाच्या लोकांनी तसा दावा केला होता, पुरावा शेवटपर्यंत दिला नाही.

पण समजा, उद्या जमलं. तरी येणारा तो कोण असेल?

आमचे येळ्ळूरचे काका मला आठवतात. त्यांच्या आधीचा भाऊ लहानपणीच विहिरीत बुडून गेला. वर्षाच्या आत काका झाले, आणि आजीने तेच नाव ठेवलं. थोरल्याचा चांदीचा करदोडाही यांच्याच कमरेला. मोठा व्हायचा, म्हणून दोऱ्याने आवळून बांधायची. थोरला गणितात हुशार, यांचा जीव भजनातल्या मृदंगावर. "तो असता तर असं केलं नसतं बघ," हे वाक्य ऐकतच ते म्हातारे झाले. नुसतं नाव दिलं तर ही गत. उद्या चेहराही तोच दिलात तर त्या लेकराने स्वतःचं म्हणून काय जगायचं?

आणि तोच येईल याचीही खात्री नाही. २००१ मध्ये टेक्सासात सीसी नावाची मांजर क्लोन करून जन्माला घातली. मूळ मांजर तिरंगी, हिच्या अंगावर नारिंगी रंगाचा मागमूस नाही. मांजराचा रंग जुळेना, आणि तुम्ही माणसाचा स्वभाव परत आणणार?

एकसारखी दिसणारी जुळी भावंडं निसर्गतःच एकमेकांचे क्लोन असतात, मान्य. पण ती एकत्र जन्मतात, एकाने दुसऱ्याची जागा भरायची नसते. हरियाणात कर्नालच्या दुग्ध संशोधन संस्थेने २००९ मध्ये म्हशीचं रेडकू क्लोन केलं, त्यालाही माझी ना नाही. आजारावर इलाज म्हणून पेशी वाढवत असतील तर तेही ठीक.

माणसाचं मात्र नको. एक डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली, त्यासाठी २७७ बीजांडांवर प्रयोग झाले. गर्भ झाले २९, जगली एक. हे बायकांच्या पोटी करायचं म्हणजे किती गर्भपात, किती व्यंग घेऊन येणारी बाळं? त्यांचं बारावं कोण घालणार? आणि बीजांडं कुणाची? दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञांनी मानवी क्लोन-गर्भाचा दावा केला, तो खोटा निघाला. त्या कामात बायकांची दोन हजारांहून जास्त बीजांडं वापरली गेली, काहींना पैसे देऊन, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या मुलीही होत्या. साहेबांच्या हाताखालच्या मुलीने नाही कसं म्हणायचं? याचा कुणी विचारच करत नाही, राग येतो मला.

त्या पाहुण्यांचा हेतू वाईट नसेल. दुःख बघवलं नसेल त्यांना. आणि त्या आईला तर मी काहीच म्हणणार नाही, मीही कंगवा आणला असता.

पण आजीचं शेवटचं दुखणं मी जवळून पाहिलंय. ती नाव घेऊन हाका मारायची. काका धावत उशाशी जायचे. ती त्यांच्याकडे बघून म्हणायची, "तू नव्हे रे." साठी उलटलेला माणूस न्हाणीघरात जाऊन रडायचा.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्लोनिंगने माणूस जन्माला घालायला बंदी आहे. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. तुरुंगवासाची शिक्षा असलेला स्वच्छ कायदा हवा, आणि दुःखातल्या आईबापांना असली आशा विकून पैसे काढणाऱ्यालाही त्यात धरायला हवं. परदेशात मेलेल्या कुत्र्यांचे क्लोन आजच विकत मिळतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो तिथेच थांबेल, असं मला वाटत नाही.