दाजी, गाडी उड्या मारलालीय

विजापूर रोडला माझ्या मेव्हण्याचं लग्नाचं लॉन आहे. लॉन म्हणजे मैदानच, हिरवळ फोटोपुरती. पार्किंगपासून मांडव इतका लांब की मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला म्हातारी माणसं अक्षता संपल्यावरच पोचायची. म्हणून त्याने बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टची जुनी इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट उचलली. सीटा फाटक्या होत्या, त्यावर सोलापुरी चादरी घातल्या. पुढे ‘ज्येष्ठांसाठी मोफत सेवा’ असा बोर्ड लागला. सोलापुरात गोल्फ कोण खेळतं, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्याच लग्नात तिने गुण दाखवले. पेडल थोडं दाबलं की जागची हलायची नाही. अजून दाबलं की रांगायची, इतकी की शेजारून चालणारे पाहुणे पुढे जाऊन, पाणी पिऊन, परत बघायला यायचे. आणि मध्येच, पेडल तेवढंच असताना, एकदम उडी. मागची सीट उलट्या तोंडाची. तिथे नवरदेवाच्या आत्या करंज्यांचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत्यांनी दांडा धरला होता म्हणून त्या गाडीबरोबर गेल्या, करंज्या रस्त्यावर राहिल्या. ‘थांब’, ‘निल्लु’, ‘आगु’ असं मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही भाषांत लोक ओरडले. गाडीला एकही भाषा कळली नाही.

रात्री फोन. “दाजी, गाडी उड्या मारलालीय ओ. तुम्ही आयटीआयमध्ये वायरमन शिकवता ना? या की जरा.”

बायकोचा भाऊ. नाही म्हणायची सोय नसते.

मी मीटर घेऊन पोचलो तोवर निदान झालेलं होतं, एक नाही, माणशी एक. ड्रायव्हर पोरगं मूळचं ट्रॅक्टरवरचं, त्याचं म्हणणं एक्सलेटरची वायर ताणली गेलीय. मांडववाला म्हणाला, मोटार जळत आलीय. मेव्हणा म्हणाला, चार्जर डुप्लिकेट आहे. आचाऱ्याने काही न बोलता पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. लग्नघरात मीटर लावणाऱ्याला काडीची किंमत नसते. दोन प्रोब टेकवायला वाकलो की कुणीतरी मागून म्हणणारच, “साहेब, आधी माझं ऐका.”

सीट उचलली. खाली ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकूण ४८. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी अशी साचलेली की केबल कुठून निघते तेही दिसेना. प्लेटा वर उघड्या, पाणी तळाला गेलेलं. इथल्या उन्हाळ्यात हे होतंच. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर मागितलं की मेव्हणा दुखावला जातो. “बिसलेरी चालेल का?” नाही चालणार.

बुरशी म्हणजे ॲसिडचा पसारा, त्यावर खायचा सोडा. आचाऱ्याकडे माणूस पाठवला. त्याने दुसऱ्या दिवशीच्या भज्यांसाठी ठेवलेला डबा कुरकुरत दिला. सेलांची झाकणं घट्ट केली, कारण सोडा आत गेला तर बॅटरीच संपते, आणि पाण्यात कालवून वरून ओतला. फस्सकन फेस आला. जमलेल्या मंडळींना पहिल्यांदाच वाटलं की या माणसाला काहीतरी येतं.

टर्मिनल चकचकीत झाली, गाडी तशीच. उभ्या गाडीला मीटर लावला तर आकडा जवळजवळ ठणठणीत. इथे मी जॉबरमामांना बोलावलं. अशोक चौकाकडच्या यंत्रमाग कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य माग दुरुस्त करण्यात घालवलं. घरी ते तेलुगू बोलतात, मोटारीशी काय बोलतात ते त्यांनाच ठाऊक. ते म्हणाले, “बसलेल्या माणसाची नाडी काय बघता? पळवा.” पोरग्याने गाडी गेटजवळच्या चढावर घातली. मामा सीट काढलेल्या जागी उकिडवे बसून एकेका बॅटरीवर मीटर लावत गेले. पाच जणींनी बऱ्यापैकी तग धरला. चौथी मात्र चढ लागला की सहाच्याही खाली. ८ व्होल्टच्या बॅटरीत चार सेल असतात. त्यातला एक मेलेला होता आणि तो एकटा साऱ्या गाडीचा दम काढत होता. एकच नवी कोरी घातली तर जुन्यांच्या संगतीत तीही लवकर जाते, म्हणून मामांनी त्याच वयाची, पण धडधाकट बॅटरी कुठूनतरी पैदा केली.

रांगणं गेलं. उडी मात्र दुप्पट मोठी झाली, कारण आता तिच्या अंगात दम होता. मेव्हणा म्हणाला, “दाजी, आधी बरी होती ओ.”

पुढचं काम मागची चाकं वर घेऊन करायचं ठरलं. पुढच्या चाकांना दगड लावले. पोरगं लगेच पेडल तळाला न्यायला निघालं, तर मामांनी त्याचा पायच धरला. काही जुन्या गाड्यांत सिरीज मोटार असते. तिला ओझं नसलं की ती वेग वाढवतच जाते, स्वतःचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, उधळेपर्यंत. “हलकं दाब बे. बिनलग्नाची सुटली तर धरायची कोण?”

तेवढ्यात गाडी अजिबात चालू होईना. पुन्हा गर्दी, पुन्हा लिंबाकडे नजरा. कारण साधं होतं. पोरगं बसतानाच पाय पेडलवर ठेवायचं आणि मग चावी फिरवायचं. चावी लावताना पेडल दाबलेलं असेल तर अनेक कंट्रोलर, म्हणजे मोटारीला करंट मोजून देणाऱ्या पेट्या, हलायचंच नाकारतात, गाडी एकदम सुटू नये म्हणून. पाय काढला, चावी फिरवली, सोलेनॉइड, म्हणजे करंट जोडणारा मोठा स्विच, ‘टक्’ वाजला. त्या पोरग्याला या शहाणपणाचा फार राग आला. “ट्रॅक्टर असलं काय करत नाही.”

फार जुन्या कार्टमध्ये वेग कमी करायला करंट अडवणाऱ्या मोठ्या रेझिस्टन्स कॉइली असायच्या. गाडी हळू आणि कॉइल लालभडक, म्हणजे अर्धी बॅटरी हवा तापवण्यात जायची. ही त्यानंतरची. हिच्यात कंट्रोलर करंटचे सेकंदाला हजारो तुकडे करून मोटारीला देतो. किती द्यायचा हे त्याला पेडलखालचा एक छोटा पॉट, म्हणजे पायाबरोबर रेझिस्टन्स कमीजास्त करणारा भाग, सांगतो. पाय वर असताना शून्य ओहम, तळाला गेला की पाच हजार. कंट्रोलर बिचारा डोळे मिटून त्या पॉटवर विश्वास ठेवतो.

वायरी काढून मी डिजिटल मीटर लावला. पेडल दाबत गेलो तर आकडे नुसते भिरभिरले, त्यातून काही निष्पन्न होईना. मामांनी पिशवीतून काट्याचा जुना मीटर काढला. त्याची काच तडकलेली, वर सेलोटेप. पेडल अगदी सावकाश दाबलं. काटा शून्यापासून सरळ चढत गेला, अर्ध्यावर आला, आणि तिथे फाडकन टोकाला जाऊन परत आला. पुन्हा दाबलं, पुन्हा त्याच जागी. पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा बरोबर मधोमध झिजला होता. नेमक्या त्या जागी कंट्रोलरला वाटायचं, मालकाने पेडल पूर्ण दाबलं. त्याने आज्ञा पाळली, करंज्या सांडल्या. आणि एवढे दिवस मेलेला सेल त्या उडीला मागून धरून होता.

नवा पॉट मागवताना एवढंच सांभाळायचं की तो आपल्या कंट्रोलरच्या जातीचा हवा. काहींत आकडा शून्याकडून पाच हजाराकडे जातो, काहींत बरोबर उलटा. दुकानदार “सगळं एकच असतंय” म्हणतो, तो दुसऱ्या दुकानात जायचा इशारा.

आता गाडी अशी चालते की मागे बसलेल्या आजीबाई चहाची बशी हातात धरून मांडवापर्यंत येतात. नवरदेवाच्या मित्रांना रीलसाठी ती उडीच हवी होती, ते नाराज आहेत. पोरगं सांगत फिरतं की मी एक्सलेटरच म्हणलो होतो, आणि खरंच, तो पॉट पेडलखालीच होता. मेव्हणा म्हणतो, चार्जिंगचाच लफडा होता. तेही निम्मं खरं. आचारी कुणाशीच वाद घालत नाही, तो फक्त बंपरकडे बोट दाखवतो, आणि माझ्या मीटरपेक्षा त्या लिंबाला जास्त मान आहे.

मी मेव्हण्याला म्हटलं, निदान त्याचा सोडा तरी भरून दे. तो म्हणाला, देतो की. दिला नाही. त्या दुसऱ्या दिवशीच्या लग्नात भजी दगडासारखी झाली, आणि मुलीकडच्यांनी आचाऱ्याचे पैसे कापले.