थील यांचं वाक्य आणि माझ्या आईचं मत

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय की ऑनलाइन पैसे पाठवायच्या पेपाल या अमेरिकी कंपनीचे सहसंस्थापक पीटर थील लोकशाहीविरोधी नाहीत, त्यांचं एक वाक्य संदर्भ तोडून वापरलं जातं, त्यांना फक्त सरकारची ढवळाढवळ नको आहे, आणि निवडणुकीत पैसा घालतात म्हणजे ते लोकशाही मानतातच. चांगली शिकलेली मुलं हे पुढे पाठवताहेत, म्हणून लिहिते आहे.

आधी संदर्भ. केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या अभ्यास संस्थेसाठी २००९ मध्ये लिहिलेल्या निबंधात थील म्हणतात की स्वातंत्र्य आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात यावर आपला आता विश्वास नाही. कारणही देतात: १९२० पासून सरकारी मदत घेणारे फार वाढले आणि बायकांना मत मिळालं, हे दोन्ही गट 'सरकार कमीत कमी असावं' या त्यांच्या विचाराकडे वळवायला अवघड. म्हणजे निबंध पुरता वाचला की ते वाक्य आणखी पक्कं होतं. कुणाचा मताधिकार काढून घ्यावा असं आपलं म्हणणं नाही, हा त्यांचा नंतरचा खुलासा मी खरा धरते. पण निबंधातली वाट कोणती? सायबरस्पेस, अंतराळ, समुद्रातल्या वसाहती. म्हणजे मत तुमच्याकडे राहू द्या, आम्ही त्याच्या आवाक्याबाहेर जातो.

'सरकारी मदत घेणारे' वाचून मला आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावावर माती वाहायची. ते काम हक्काचं झालं १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानं, आणि माझ्या मते त्यामागे तिच्यासारख्या बायांच्या मताचा धाक होता. त्याआधीचा काळही खानदेशानं पाहिलाय. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला खेडीच्या खेडी लोटली. काही आठवड्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या, पण मत मिळकत, कर, शिक्षण बघून मिळे. राबणाऱ्या बहुतेकांना ते नव्हतंच.

पैशाचा मुद्दा लंगडा आहे. २०२२ च्या अमेरिकी सिनेट निवडणुकीत ओहायो राज्यातले उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्यासाठी थील यांनी दीड कोटी डॉलर दिले. बाजार समितीच्या निवडणुकीत पैसा ओतणाऱ्याला आपण लोकशाहीवादी म्हणतो का?

राहिली सरकारची ढवळाढवळ. थील यांनी २००३ मध्ये इतरांसोबत उभी केलेली पॅलंटिर ही माहिती चाळणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी सुरुवातीलाच सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या गुंतवणूक संस्थेचा पैसा घेऊन वाढली. अमेरिकेचं लष्कर आणि स्थलांतरितांना पकडणारं खातं तिचे गिऱ्हाईक आहेत. लोकांची माहिती चाळणाऱ्या या सरकारी हाताला मतदारानं नाही आवरायचं, तर कुणी? मजकूर पाठवणाऱ्यांनी एवढं सांगावं.