‘बोलेल हो, घाई काय आहे?’ असे म्हणणारी मीच होते

गेल्या आठवड्यात नात्यातल्या एका लग्नात एक तरुण आई मला विचारत होती, की मुलगा वीस महिन्यांचा झाला तरी अजून ‘आई’सुद्धा म्हणत नाही, तर कोणाला दाखवावे का. मी तोंड उघडण्याआधीच शेजारच्या खुर्च्यांवरून उत्तर आले, ‘अगं, मुलगे उशिराच बोलतात.’ हे उत्तर माझ्या चांगल्या ओळखीचे आहे, कारण तीन वर्षांपूर्वी मिरजेच्या आमच्या घरात ते मीच देत असे.

माझा नातू दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याच्या तोंडी जेमतेम दोन-तीन शब्द होते. सून अस्वस्थ होती आणि मी निश्चिंत, कारण माझ्याकडे पुरावा होता: याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. पुढे एकदा ट्रंक आवरताना मी १९८८ मध्ये बहिणीला लिहिलेले आणि तिच्या पश्चात माझ्याकडे परत आलेले अंतर्देशीय पत्र सापडले. चिरंजीव परवा दोन वर्षांचे झाले, ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ असे म्हणतात आणि दिवसभर डोके खातात, असे त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. म्हणजे ज्या दाखल्यावर मी सुनेला गप्प बसवत होते, तो माझ्या मनाने केव्हातरी रचलेला होता.

‘थांबा’ हा सल्ला इतका टिकून का आहे, याचा मी नंतर विचार केला. तो बऱ्याचदा खरा ठरतो, म्हणून. उशिरा बोलू लागलेली पुष्कळ मुले पुढे बरोबरीच्या मुलांना गाठतात, आणि सल्ला देणाऱ्याच्या शहाणपणाचे घरात कौतुक होते. मात्र आपल्या समोरचे मूल आपोआप बोलणाऱ्यांपैकी आहे, की ज्याला मदत लागेल अशांपैकी, हे घरातल्या कोणालाही नुसते बघून कळत नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे भाषा शिकण्याचे सर्वांत मोलाचे महिने आपल्या धीरात खर्च होतात.

आमच्या बाबतीत प्रश्न कानांचा होता. सून सांगत असे, ‘आई, समोरून बोलले तर हसतो, पण पाठमोरा असताना हाक मारली तर वळत नाही.’ त्यावर मी त्याच्या मागे उभी राहून स्टीलचे ताट उलथन्याने वाजवले, तो दचकून वळला आणि विषय संपला. कुकरच्या शिट्टीलाही तो वळत असे, फोडणीतली मोहरी तडतडली तर मात्र नाही, आणि हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. ताट ऐकू येणे वेगळे आणि शब्द ऐकू येणे वेगळे. मध्यम प्रमाणात कमी ऐकू येणाऱ्या मुलाला मोठे आवाज कळतात, पण बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे हलके ध्वनी निसटतात आणि त्याच्यापर्यंत पोचते ती अर्धवट भाषा. जन्मानंतरच्या चाचणीत कान ठीक निघाले असले तरी दोष पुढे उद्भवू शकतो, आणि वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठूनही ऐकणे मंदावते. म्हणून बोलणे लांबले, की पहिली तपासणी कानांची.

सव्वादोन वर्षांचा असताना त्याची बेरा ही ऐकण्याची चाचणी झाली. ती झोपेत करतात, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवायचे आणि पहाटे उठवायचे होते. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवलेल्या असताना तो माझ्या मांडीवर झोपला होता, आणि मला ते ताट आठवत होते. आज दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत, वाचा-उपचार चालू आहेत आणि तो पुष्कळ बोलतो.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी आहे. सून धारवाडकडची, माहेरची भाषा कन्नड. दोन भाषांमुळे पोर गोंधळते, असे ठरवून मी तिला लेकराशी कन्नड बोलण्यास जवळजवळ बंदी केली होती. घरात दोन भाषा असल्यामुळे वाचा लांबत नाही. आईची भाषा काढून घेतली, तर मुलाच्या कानावर पडणारे सहज बोलणेच तेवढे कमी होते.

जीभ ‘जड’ असणे हे न बोलण्याचे कारण म्हणून फार ऐकू येते, पण जिभेखालच्या दोरीमुळे फार तर काही उच्चार अडतात, भाषा अडत नाही. वाचा फुटावी म्हणून चाटवतात ते मधात उगाळलेले वेखंड वर्षाच्या आतल्या बाळाला तर चाटवूच नये, कारण त्या वयात मधच धोक्याचा असतो.

मग जायचे केव्हा? वर्षाचे मूल ‘बाबाबा’ करत नसेल, नावाला प्रतिसाद देत नसेल, त्यानंतरच्या काही महिन्यांतही बोटाने वस्तू दाखवत नसेल, दीड वर्षाला अर्थपूर्ण शब्द नसतील, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल किंवा खूण न करता सांगितलेले ‘चप्पल आण’ त्याला कळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे. येत असलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात लगेच जावे. खर्चाची धास्ती असणाऱ्यांनी अंगणवाडीत चौकशी करावी. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंब आणि श्रवणदोष दोन्ही येतात आणि त्यातून पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवले जाते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

लग्नातल्या त्या आईला मी एवढेच सांगितले, की या आठवड्यात वेळ घे, आणि जाताना मूल स्वतःहून म्हणते ते सगळे शब्द, ज्या भाषेत म्हणते त्या भाषेत, वहीत लिहून ने. आमच्या सुनेने पहिल्या भेटीला अशीच यादी नेली होती. तिच्यात अकरा शब्द होते, त्यांतले चार कन्नड. मी तोवर सातच मोजत होते.