लागतंय, पण उघडत नाही

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचं नेटवर्क मी सांभाळायचो, तेव्हा डेपोवाले आमच्या सर्व्हरला मोडेमवरून डायल करायचे. मनमाड, मालेगाव, पिंपळगाव बसवंत, सगळीकडून तीच कुईं-खर्रर्र आणि तीच तक्रार: "साहेब, लागतंय, पण उघडत नाही."

लागतंय म्हणजे लाइन जुळली, पासवर्ड पटला, आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ताही मिळाला. उघडत नाही म्हणजे सर्व्हरचा आकडा टाकला तर चालतं, नाव टाकलं की अडतं. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांना गाव-आडनाव सांगितलं की ते म्हणतात, "तुमचं घराणं आमच्याकडे नाही, पलीकडे विचारा." आणि पलीकडचे गुरुजी वही उघडून थेट खापरपणजोबांशी गाठ घालून देतात. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधून देणारं डीएनएस मांडलं ते याच चालीवर, रामकुंड न बघता. फक्त पहिले गुरुजी, म्हणजे डीएनएस सर्व्हर, कुठे बसतात, एवढं यात्रेकरूला कुणीतरी सांगावं लागतं. ते काम माझ्या राउटरचं, म्हणजे डेपोंचे फोन उचलणाऱ्या यंत्राचं.

सिस्कोच्या राउटरवर त्याला मुख्य सेटिंगमध्ये (ग्लोबल कॉन्फिग) एक ओळ पुरते: असिंक-बूटपी डीएनएस-सर्व्हर, पुढे पत्ता. मग डायल करणारा पीसी, पत्ता ठाऊक नाही म्हणून चार शून्यं पुढे करत, म्हणतो, "माझा डीएनएस ०.०.०.० धरू?" राउटर म्हणतो, "नाही, हा धरा." पीसी मुकाट्याने तोच पत्ता परत म्हणून दाखवतो आणि राउटर मान डोलावतो. नकार इतका सोज्वळ असू शकतो हे मला १९९५ च्या आरएफसी १८७७ या इंटरनेटच्या नियम-टिपणामुळे कळलं.

ओळ होती. मनमाड चालू, पिंपळगाव चालू. मालेगाव बंद.

मालेगावला फोनची लाइन एकच. तिथल्या काकांना मी विचारायचो, "काका, स्क्रीनवर काय दिसतंय?" काका म्हणायचे, "आता काहीच नाही. तुमच्याशी बोलायचं म्हणून डिसकनेक्ट केलं ना." मग ठरलं, काकांनी डायल करायचं आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मला फोन करायचा. काका रस्ता ओलांडून, बूथमधल्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत थांबून, माझा नंबर फिरवेपर्यंत इकडे आयडल टाइमआउट, म्हणजे काही हालचाल नसली की फोन तोडायची मुदत, लागून लाइन तुटलेली. तो टाइमआउट मीच घातला होता, टेलिफोन बिलावरून साहेबांनी झापल्यावर. तेव्हा तो उठवायचा प्रश्नच नव्हता.

शेवटी दुकानातला पोऱ्या मधे उभा केला. मी काकांना सांगणार, काका बूथमधून ओरडणार, पोऱ्या माउस हलवणार. विन्डोज ९८ मध्ये विनआयपीसीएफजी, म्हणजे पीसीला मिळालेले पत्ते दाखवणारी खिडकी, उघडायची होती. पोऱ्याचा निरोप आला: "डबा आलाय, त्यात लई आकडे." आकडे एकेक करून रस्त्यापलीकडून आले. बूथवाल्यासकट अर्ध्या पेठेला आमच्या नेटवर्कचे पत्ते कळले. आणि डीएनएसच्या ओळीत आमचा नव्हे, भलताच पत्ता!

डायल-अपच्या टीसीपी/आयपी सेटिंगमध्ये कुणीतरी नेम सर्व्हरचा, म्हणजे डीएनएस सर्व्हरचाच, पत्ता हाताने भरला होता. असं भरलं की पीसी राउटरला विचारतच नाही, आणि न विचारता सांगायची सोय राउटरला नाही.

"पुतण्याने केलं असेल," काका कौतुकाने म्हणाले. "क्लासला जातो कॉम्प्युटरच्या."

टिंब 'सर्व्हर असाइन्ड'वर, म्हणजे 'पत्ता पलीकडून घ्या'वर, आणून ठेवलं. उघडलं. काकांनी बूथचं बिल मला वाचून दाखवलं.

दिवाळीनंतर परत फोन. "लागतंय, पण उघडत नाही."

"पुतण्या आला होता का?"

"आला होता की. म्हणाला, काका, चारही खणांत शून्य बरं दिसत नाही."